नवाचा ताळा

लातुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे शिवप्पा एकोणतीस वर्षं बसला. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्याचा यात काही दोष नाही, आणि आपल्याकडे नाव घेतलं की माणूस गोष्ट सोडून दवाखान्यालाच नावं ठेवत बसतो. शिवप्पा बुटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं. कमी बोलायचा. खिडकीपुढे रांग कितीही आरडाओरडा करो, हा आपला एकेक माणूस निगुतीनं उरकणार.

त्याला एक खोड होती. तुमच्या-माझ्या लेखी मोबाईल नंबर म्हणजे फोन लावायची सोय. शिवप्पाच्या लेखी ती एक अखंड संख्या होती. चौऱ्याण्णवनं सुरू होणारा नंबर कुणी सांगितला की त्याला नऊ अब्ज चाळीस कोटींच्या वरची एक धिप्पाड संख्या समोर येऊन उभी राहिलेली दिसायची, आणि मग तिच्या पोटात काय काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. तीननं भाग जातो का? सातनं? तेरानं? शंभरच्या आतले पंचवीस अविभाज्य एकामागून एक लावून बघायचे आणि एकानंही दाद दिली नाही तर त्या नंबराच्या मालकाकडे तो जरा आदरानं बघायचा. मालक बिचारा डोकं फुटलेल्या भावाला घेऊन आलेला असायचा. त्याला या आदराचा काय उपयोग?

एका संख्येवर तर त्याचा जीवच होता. दहा वेळा एक. एकशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उदगीरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना त्यानं ती तिकिटाच्या पाठीमागे फोडायला घेतली. अकरा निघाले, एक्केचाळीस निघाले, दोनशे एकाहत्तर निघाले आणि शेवटी नऊ हजार एक्क्याण्णव उरले. त्यांना मात्र काही केल्या भाग जाईना. दोन दिवस खपून त्यानं चोवीस अविभाज्य लावून पाहिले, तेव्हा कुठे मानलं की ही गाठ सुटायची नाही. त्याच वर्षी वडील गेले, कॉलेज सुटलं, आणि पुढं नोकरी मिळाली ती लोकांची नावं, वयं आणि नंबर लिहायची. गणितात डोकं असलेल्या माणसाला सरकारनं आकडे लिहायला बसवलं, एवढाच काय तो योग.

शिवप्पाचं गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी. आता कन्नडात सत्तावीसला म्हणतात इप्पत्तेळु. आधी वीस, मग सात. जसं बोलाल तसं लिहा, दोन आणि सात. मराठीची तऱ्हा उलटी. सत्ता-वीस. सात आधी कानावर येतो, आणि लिहायचा असतो मागाहून. तुम्ही-आम्ही आईच्या दुधाबरोबर हे प्यायलो, म्हणून आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. शिवप्पाचा हात मात्र कानावर येईल तसा चालायचा, आणि सत्तावीस म्हटलं की पाटीवर बहात्तर उमटायचे. यावरून त्यानं इतका मार खाल्ला की चौथीपर्यंत अंकलेखनाच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं.

त्याला वाचवलं अमरनाथ गुरुजींनी. ते मारकुटे नव्हते. ते म्हणाले, "शिव्या, तू असं कर. आकडा कानावर आला की पाटीवर एक घर मोकळं सोड. सात त्याच्या पुढच्या घरात लिही, मग मागं येऊन मोकळ्या घरात दोन भर." एवढंच. तेव्हापासून शिवप्पाचं पेन प्रत्येक जोडीला एक उडी पुढे मारायचं आणि मागे यायचं. बघणाऱ्याला वाटे, काय हा तिरपागडा लिहितो. पण आकडा बरोबर पडायचा.

गुरुजींनीच त्याला ताळा शिकवला. संख्येतले सगळे आकडे मिळवायचे, आलेल्या बेरजेचे आकडे पुन्हा मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. हा नवाचा ताळा. नक्कल केलेल्या संख्येचा ताळा मूळ संख्येशी जुळला नाही, तर नक्कल चुकली म्हणून समजा. आणि हेही गुरुजींनीच सांगितलं होतं की नवाचा ताळा एका डोळ्यानं आंधळा आहे. आकडे तेच राहिले आणि नुसती जागांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच येते आणि ताळा गपगुमान जुळतो. म्हणून त्याच्या जोडीला अकराचा ताळा घ्यावा. त्यात एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आलटून पालटून जायचं. शेजारचे दोन वेगळे आकडे जागा बदलून बसले की तो लगेच ओरडतो.

खिडकीत शिवप्पानं याची स्वतःची पद्धत बसवली. रोग्याच्या नातेवाइकाला तो नंबर दोनदा सांगायला लावायचा. पहिल्यांदा वहीत लिहायचा. दुसऱ्यांदा पेन खाली ठेवून नुसता ऐकायचा, मनातल्या मनात दोन्ही ताळे घ्यायचा आणि वहीतल्या नंबराशी ताडून बघायचा. शेजारच्या संगणकावर बसणारी आरती सरळ जागच्या जागी मिस्ड कॉल देऊन नंबर तपासायची. शिवप्पाला त्याचं हसू यायचं. "ज्याला आकडा कळत न्हाई त्यानं घंटी वाजवावी," असं तो म्हणायचा. आरती मनावर घ्यायची नाही. तिचा एकही नंबर चुकत नव्हता, हेही इथं नोंदवून ठेवतो.

आणि एक गोष्ट, जी शिवप्पानं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या दोन-तीन वर्षांत रांगा फार वाढल्या. नवाचा ताळा चुटकीसरशी होतो, अकराचा जरा वेळ खातो. तो त्यानं हळूहळू सोडून दिला.

पार्वतीबाई आली ती मंगळवारी, नवऱ्याला घेऊन. भीमा गवंडी होता. जळकोटच्या बाजूला एका वाडीवर राहायचे, दोघंच, पोटी मूलबाळ नाही. बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बांधकामाच्या पाडावर काम करता करता भीमाच्या छातीत कळ आली आणि गाडीनं त्याला थेट लातूरला आणलं. पार्वतीबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण नंबर पाठ होता. शाळेतल्या बाईंनी जोड्या-जोड्यांनी म्हणवून घेतला होता. चौऱ्याण्णव, सत्तावीस, पन्नास, अडतीस. शेवटची जोडी मी सांगत नाही. फोन अजून तिच्याकडेच आहे, उगाच कुणी लावायला नको. त्या जोडीतले दोन्ही आकडे सारखेच होते, एवढं पुरे.

त्या दिवशी कुठल्याशा लग्नाच्या जेवणातून विषबाधा झालेले साठ-सत्तर लोक आले होते. खिडकीपुढे नुसती झुंबड. पार्वतीबाईनं नंबर सांगितला, शिवप्पानं लिहिला. तिनं परत सांगितला, त्यानं ऐकला, ताळा घेतला. जुळला. पुढचा माणूस.

गुरुवारपर्यंत भीमा बराच सावरला. आयसीयूमध्येच होता, पण बोलायला लागला होता. सरकारी योजनेत बसवायला मूळ रेशनकार्ड हवं होतं आणि ते वाडीवर, पत्र्याच्या पेटीत. बाई तीन दिवस आयसीयूच्या दारापुढून हलली नव्हती. शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं जावं की नाही, याचा तिला काही निर्णय होईना. म्हणून गुरुवारी संध्याकाळी ती शिवप्पाच्या खिडकीपाशी आली, कारण या एवढ्या मोठ्या दवाखान्यात तिच्याशी दोन शब्द धड बोललेला तोच एक होता.

"सायब, जाऊ का नगं? माझं मन व्हईना."

"जावा, अक्का. कार्डाबिगर काम हलत न्हाई. डाक्टर म्हनले ना, बरं हाय म्हून?"

"हाव. पर माघारी काय झालं तर?"

"तर मी हाय की. मीच फोन लावतो. नंबर माझ्या वहीत हाय."

"बराबर लिवला ना?"

शिवप्पा हसला. त्या हसण्याचा त्याला पुढं फार त्रास झाला. "एकोनतीस वर्सांत माझा एक नंबर चुकला न्हाई. आरामात जावा. माझा फोन न्हाई आला, तर समजा मालक झ्याक हायेत. रातच्याला घरी झोपा आन् शनवारी सकाळच्या गाडीनं या."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तिनं त्याला हात जोडले आणि ती गेली.

शुक्रवारी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भीमाला दुसरा झटका आला. आयसीयूतली महामाया सिस्टर स्वतः खाली खिडकीपर्यंत आली. "शिवप्पा मामा, बेड चारच्या बाईंना लगेच बोलवा. डॉक्टर म्हणतात, आज काही खरं नाही. माणूस शुद्धीवर आहे, सारखं बायकोलाच विचारतोय."

शिवप्पानं वही उघडली आणि दोन वाजून वीस मिनिटांनी फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. वाडीवर लाईट नसेल, चार्जिंग संपलं असेल, असं म्हणून तो दर दहा मिनिटांनी लावत राहिला. तीन वाजले. साडेतीन वाजले. महामाया परत आली.

"मामा, नंबर चुकला नसेल ना?"

"नंबर चुकायचा न्हाई, सिस्टर. ताळा जुळलाय. बाईनं फोन बंद ठिवलाय."

"मग जळकोटच्या पोलिसांना सांगून बघू का? कुणीतरी वाडीवर जाऊन येईल."

"जरा थांबा. लागतोय आत्ता."

महामाया थांबली. तिचा शिवप्पावर विश्वास होता, सगळ्यांचाच होता. गर्वाचं घर खाली, असं आपण किती सहज म्हणतो. इथं घर गर्वाचं होतं शिवप्पाचं, आणि त्याखाली सापडला भीमा गवंडी. मला त्याचा राग येतो. कीवही येते, पण राग आधी येतो.

पावणेपाचला खिडकीशी एक तरुण आला. बायको बाळंतपणाला आणलेली. शिवप्पानं नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"उमर?"

"सत्तावीस."

शिवप्पाचं लक्ष फोनकडे होतं. हात आपला चालला. सात लिहिला, आणि त्याच्या पुढं दोन. वहीत गरोदर बाई बहात्तर वर्षांची झाली. घर मोकळं सोडायचं राहिलं होतं. पंचेचाळीस वर्षं जपलेली ती उडी पेनानं मारलीच नव्हती.

तो त्या बहात्तरकडे बघत राहिला. मग त्यानं झटक्यात मंगळवारचं पान काढलं. चौऱ्याण्णव, बहात्तर, पन्नास, अडतीस. आता डोकं असं पळायला लागलं, जसं ते मंगळवारी पळायला हवं होतं. पहिली जोडी उलटी असूच शकत नाही, एकोणपन्नासनं मोबाईल नंबर सुरू होत नाही. पन्नासात एकक नाही, तिथं घोटाळा व्हायला जागाच नाही. शेवटच्या जोडीत दोन्ही आकडे सारखे. राहिल्या दोन जोड्या, बहात्तर आणि अडतीस. त्यातली एक तरी उलटी पडली आहे, आणि कोणती ते आत्ताच त्याच्या हातानं त्याच्या डोळ्यांपुढं लिहून दाखवलं होतं.

खरा नंबर आणि लिहिलेला नंबर यांच्यातलं अंतर साडेचार कोटी. साडेचार कोटींना नवानं भागा, बरोबर पन्नास लाख येतात, बाकी शून्य. म्हणून नवाच्या ताळ्याला काही दिसलं नाही. अकरानं भागा, बाकी एक उरते. तेवढ्या एकानं मंगळवारीच बोंब मारली असती. हे सगळं त्याला एका श्वासात दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं उत्तर बरोबर आल्याचं त्याला दुःख झालं.

त्यानं सत्तावीस घालून फोन लावला. चौथ्या घंटीला पार्वतीबाईनं उचलला. आवाज झोपेतला होता.

"अक्का, शिवप्पा बोलतोय. लगी निघा. मिळंल त्या गाडीनं निघा."

"आलेच," एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

शिवप्पा वर गेला. आयसीयूत त्याला जायची मुभा नव्हती, पण महामायानं दार उघडलं. भीमाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो जरा बाजूला करून भीमानं विचारलं, "पार्वता आली का?" शिवप्पा म्हणाला, "निघाली, दादा. वाटंत हाय." भीमानं मान हलवली. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी तो गेला. शेवटपर्यंत त्याची नजर दाराकडे होती, असं महामाया म्हणाली. शिवप्पानं ते विचारलं नव्हतं.

जळकोटहून लातूरला यायला अडीच तास लागतात. त्या वेळेला एसटी नव्हती. उदगीरपर्यंत एका मोटरसायकलवर, पुढं काळीपिवळीतून, असं करत बाई आठच्या सुमाराला पोचली. शिवप्पाची ड्युटी कधीच संपली होती. तो आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होता. आरती घरी जाता जाता त्याच्यापाशी थांबली होती, आणि मग निघून गेली. महामायाला मात्र त्यानं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मामा, बाईंना सांगू नका. गेलेला माणूस काही परत येत नाही. त्यांना कशाला अजून एक घाव?"

बोलणं शहाणपणाचं होतं. कुणाला कळणारही नव्हतं. वही त्याची, पान त्याचं, चूक त्याची.

पार्वतीबाईनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. मोठ्यानं रडली नाही. त्याच्या हाताच्या भेगांत अजून सिमेंट होतं, ते तिनं पदरानं पुसून बघितलं, निघालं नाही. बाहेर आली तेव्हा मेणकापडात गुंडाळलेलं रेशनकार्ड तिच्या काखेतच होतं. शिवप्पाला बघून ती त्याच्या पाया पडायला वाकली.

"तुमी फोन केला म्हून तरी कळलं, सायब. न्हाई तर मी सकाळीच आले असते. तुमचे लई उपकार झाले."

शिवप्पा मागं सरकला. तिनं पाया पडावं हे त्याला सोसवलं नाही. उपकार हा शब्द ऐकला नसता, तर कदाचित तो गप्प राहिलाही असता.

"अक्का, माझी चूक झाली. तुमचा नंबर माझ्या हातून उलटा पडला."

"उलटा म्हंजी?"

"तुमी सत्तावीस म्हनले. मी बहात्तर लिवलं."

तिला कळेना. तिनं बोटांनी हवेत काहीतरी जुळवून बघितलं. "आकडे तर तेच ना?"

"तेच. जागा बदलली."

"मंग?"

शिवप्पाला नऊ माहीत होते, अकरा माहीत होते, साडेचार कोटी माहीत होते. यातलं काय तिला सांगणार? तो म्हणाला, "मंग फोन तुमाला लागला न्हाई. दुसऱ्याच कुनाच्या बंद फोनला मी लावत बसलो."

बाई हळूच बाकावर बसली.

"पयला फोन कवा लावला व्हता तुमी?"

"दोन वाजून वीस मिंटांनी."

"तवा ह्ये बोलत व्हते?"

इथंही त्याला खोटं बोलता आलं असतं. एक लहानसं, दयेचं खोटं. पण खोटं बोलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"हाव. तुमालाच इचारत व्हते. पार्वता आली का, म्हनून."

ती बोलली, आवाज न चढवता, जणू शाळेत कुणाला किती खिचडी वाढली ते सांगावं तसं.

"अडीच वाजता आमच्या शेजारच्या रविकिरनची पिकअप लातूरला निघाली व्हती. भाजी घिऊन. चल म्हनला मावशी, सोडतो दवाखान्यात. मी फोन काडून बगितला. वाजला न्हवता. त्याला म्हनलं, जा बाबा तू, सायबाचा फोन न्हाई, म्हंजी आमचं मानूस झ्याक हाय." ती थांबली. "मंग भाकर खाल्ली. आन् झोपले. तीन दिसांनी झोपले, सायब. लई गाढ झोप लागली."

शिवप्पा तिच्यासमोर उभा होता. बसा असं ती म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.